भागूआक्काचं ओढ्यापलीकडचं घर

मंडळी, रामराम.

वस्तीतल्या वडीलधाऱ्या आप्पांनी बोलायला माझं नाव घेतलं तेव्हा वाटलं, नको म्हणावं. मला सभेत बोलायची सवय नाही. आणि भागूआक्कावर बोलायचं तर कोणत्या तोंडानं बोलायचं? तिच्या मातीला आपण नव्हतो. तुम्ही नव्हता, मी नव्हते. आपण सगळे ऊसतोडीला कारखान्यावर होतो. पट्टा पडला, हंगाम संपला, गाड्या परत आल्या, आणि आज आपण तिच्यासाठी बसलोय. इतक्या उशिरा.

पण कुणीतरी बोललं पाहिजे. बाहेरून आलेल्या मंडळींना आक्का कोण होती, हे कळलं पाहिजे.

मी सुमन. भागूआक्का नात्यानं माझी चुलत सासू. पण आक्का सगळ्या वस्तीची होती. आपली जुनी टेकाडवस्ती पाण्यात होती. धरण झालं तेव्हा खालचं गाव बुडालं. त्यांना जागा मिळाली, ते उठले. आपण उंचावर होतो. पाणी पायथ्याशी येऊन थांबलं. कागदावर आपण बुडालोच नव्हतो, म्हणून आपल्याला कुणी उठवलंही नाही. चारी बाजूंनी पाणी आणि मधे आपली घरं. दळण असो, बाळंतीण असो, वऱ्हाड असो, सगळं पाण्यावरून.

मी नवरी म्हणून आले ती गुळाच्या कढईत बसून. तेव्हा थर्माकोलचे चप्पू, हे तराफे, आले नव्हते. कढई अशी गरगर फिरायची! मी शिरूर कासारची. आमच्याकडं प्यायला पाण्याची मारामार. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी रडायला लागले. समोर आक्का बसली होती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "पाण्याकडं बघू नगंस पोरी. माझ्या तोंडाकडं बघ."

मी बघत राहिले. काठ कधी आला, कळलं नाही.

दसरा झाला की आपण कोयते घेऊन निघायचो. लेकरं कुणाकडं ठेवायची, हा प्रश्न आपल्याला कधी पडला का? सांगा ना. कधी पडला का? सगळ्या वस्तीची लेकरं आक्काच्या अंगणात. तिला स्वतःचं लेकरू नव्हतं. नवरा लवकर गेला. ती म्हणायची, "मला कशाला पायजे येगळं? तुमी दर साली भरून देताव की घर." चहूकडं पाणी, आणि एवढी खोडकर लेकरं. तिच्या हाताखालून एकही लेकरू दगावलं नाही. आपण महिनोन्महिने लांब उसाच्या फडात असायचो आणि निवांत झोपायचो. ती झोपत होती का, हे आपण कधी विचारलं नाही.

मग सरकारी साहेब आले. म्हणाले, रस्त्याकडेला जागा मिळेल. पण सगळी घरं उठली तरच. एक जरी घर मागं राहिलं तर कुणालाच नाही. सगळे तयार झाले. आक्का नाही म्हणाली.

तिला आप्पांनी समजावलं, आमच्या ह्यांनी समजावलं. ती एकच विचारायची, "तिकडं माझं काय काम हाय?"

त्याच पावसाळ्यात माझी पूजा तापानं फणफणली. सकाळपासून वारं सुटलेलं. ह्यांनी चप्पू पाण्यात घातला. निम्म्यावर गेले आणि उलटता उलटता माघारी आले. दिवसभर वारं थांबलं नाही. दिवसभर आक्का पोरीला मांडीवर घेऊन बसली, कपाळावर पट्ट्या ठेवत. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. एका कानानं ऐकू यायचं मात्र गेलं.

आम्ही परत आलो, आणि मी तशीच आक्काच्या दारात गेले. तुम्ही बरेच जण तिथं होता. तुमच्या देखत मी म्हणाले, "तुमच्या हट्टापायी माझ्या लेकीचा कान गेला. उद्या कुणाचं लेकरू जाईल. मग बसा एकट्या ह्या टेकाडावर."

हे खरं नव्हतं. वाऱ्यामुळं झालं होतं. आक्कानं आदल्या दिवशीच हो म्हटलं असतं, तरी त्या दिवशी आपण तिथंच असतो. मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. कुणी मला गप्प केलं नाही. कारण माझ्या तोंडून तुमचं काम होत होतं.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. म्हणाली, "बस, पाणी पी. कुटं लावायचा अंगठा?"

आप्पांनी तेव्हा तिला शब्द दिला, आणि आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्का, तुमचं घर मधोमध राहील. लेकरं तुमच्याच दारात राहतील.

मग जागेच्या चिठ्ठ्या निघाल्या. आक्काची चिठ्ठी निघाली शेवटची, ओढ्यापलीकडची. माझी निघाली मधली, रस्त्यालगतची. ती मांडवाखाली उभी होती, कागद उलटा धरून. आपण सगळे तिथं होतो. कुणी म्हणालं का, आक्का, माझी घ्या? माझ्या मनात आलं होतं. खरंच आलं होतं. पण ह्यांना रस्त्यावर दुकान टाकायचं होतं. मी खाली बघत उभी राहिले. आक्काच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ओढा काय, एका ढांगंचा हाय."

एका ढांगेचा होता, उन्हाळ्यात. पाऊस लागला की ओढ्याला पाणी यायचं आणि आक्का तिकडं, आपण इकडं. टेकाडावर असताना आपण सगळे मिळून पाण्यात होतो. इथं आणून तिला एकटीला पाण्यापलीकडं ठेवलं.

मंडळी, वस्ती उठली हे चुकलं असं मी म्हणत नाही. दारात रस्ता आला. गाडी येते. पोरी सायकलवर शाळेत जातात. माझी पूजा जाते. मला ते सगळं हवं होतं आणि आजही हवं आहे. म्हणून तर जास्त लागतं. आपल्याला जे मिळालं ते तिच्या अंगठ्यानं मिळालं. आणि तिला काय मिळालं?

पहिल्या दसऱ्याला मी तिच्याकडं गेले होते. खोली सारवलेली. भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढी वाकळ तिनं शिवलेली. जुन्या लुगड्यांची. मला म्हणाली, "समदी आडवी झोपली तरी पुरती का न्हाई बघ. कवा आणतीस लेकरं?"

मी म्हणाले, "आक्का, आता शाळेनं वसतिगृह काढलंय. लेकरं तिथंच राहणार."

तिनं विचारलं, "समदी?"

"समदी."

"बरं झालं," म्हणाली. "शिकतील. हितं वढ्याचं भ्या बी हाय." आणि माझ्यासमोर वाकळीची घडी घालायला लागली. मोठी होती, एकटीला आवरेना. मी दुसरं टोक धरायला पाहिजे होतं. बाहेर ह्यांनी हाक मारली, गाडी भरायची होती. मी निघाले.

आक्काशी माझं ते शेवटचं निवांत बोलणं. पुढच्या साली जाताना ओढ्याच्या अलीकडूनच हात केला. तिनंही केला.

ह्या साली काय झालं ते मला रऊफभाईंकडून कळलं. तिकडं मागं बसलेत, दूध गोळा करतात ते. पुढं या ना भाई. नाही? बरं. वस्ती रिकामी होती. आक्काची शेळी दोन दिवस ओरडत होती, म्हणून हा माणूस ओढा उतरून गेला. आक्का तापात पडलेली. आपल्या दुधाच्या गाडीत घालून त्यांनी तिला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी शिकस्त केली. रऊफभाई सगळं सोडून तिच्या उशाशी बसून राहिले. ती शुद्धीवर होती. भाई म्हणाले, "आक्का, सुमनताईला फोन लावतो." आमचा नंबर होता त्यांच्याकडं. आक्कानं त्यांचा हात धरला.

"नगं लावू बाबा. तोड बुडंल त्यांची. लई लांब हायेत."

भाई, तुम्ही ऐकलंत तिचं. तुमचा काही दोष नाही. पण मी फडावर पाचटाच्या कोपीत बसून भाकरी थापत होते त्या दिवसांत. फोन कमरेलाच होता. आला असता तर मी निघाले असते का? आज मी छातीवर हात ठेवून हो म्हणते. तेव्हा निघाले असते का, ते देवाला ठाऊक. आक्कानं मला ते ठरवायची वेळच येऊ दिली नाही. माणसानं माणसाला इतकंही सांभाळू नये.

शेजारच्या गावातल्या चौघांनी खांदा दिला. ते इथं आलेत. भावांनो, तुमच्या पाया पडते. आमचं काम तुम्ही केलंत.

आणखी एक रऊफभाईंनी सांगितलं. शेजारच्या वॉर्डात लेकरं होती, रडायची, ओरडायची. नर्सबाई दार लावायला आल्या, तर आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या उघडं. लेकरांचा कालवा ऐकून बरं वाटतंय."

बास. मला आणखी बोलवत नाही.

आता आपण उभं राहू. देव तिला शांती देवो, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. शांतता आपण तिला भरपूर दिली, ओढ्यापलीकडं. मोठ्या माणसांनी मान खाली घालून गप्प उभं राहायचं. पण बायांनो, तिकडं मांडवाच्या कडेला लेकरं खेळतायत, त्यांना कुणी दटावू नका. तोंडावर बोट ठेवायला सांगू नका. त्यांना ओरडायचं तेवढं ओरडू द्या.

उठा.