टाकी उजव्या हाताला गेली

आता मला सांगा, कुकरला शिट्टी द्यायला नेमका तोच क्षण सापडावा? मी आपली जिना पुसत होते... बरं, पुसून झाला होता, पण समोरच्या दारापाशी एक डाग राहिला होता असं समजा... आणि आत सिस्टर फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो गं, पक्कं झालं, उद्यापासून थोडंथोडं सामान हलवायचं. फक्त समोर एवढ्यात बोलू नकोस. तिला कळलं तर ती..." आणि शिट्टी. ती काय? रडेल? भांडेल? तुम्हाला सांगते, समोर म्हणजे मीच. त्या मजल्यावर समोर दुसरं आहे कोण, विजेचा मीटर?

सिस्टर म्हणजे समोरची नर्सबाई. बावीस वर्षं आमची दारं एकमेकींकडे तोंड करून उभी आहेत. माझ्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडे, माझं बीपी तिच्या हातात, आणि ही बया मला न सांगता घर सोडणार? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नवरा-बायको गाडीत गादीची वळकटी चढवतायत. मी घरातल्याच चपला अडकवल्या न् म्हटलं, "भावजी, मला फाट्यावर सोडा, बहिणीकडे जायचंय." दहा मिनिटांचा रस्ता. दहा मिनिटांत मी माणसाकडून काय काय काढून घेते, तुम्हाला कल्पना नाही.

पण भावजी पडले बसचे रिटायर ड्रायव्हर. तीस वर्षं जुन्या रस्त्यावर गाडी हाकली, त्यांचा नेम एकच: डाव्या हाताला पाण्याची टाकी आली की फाटा. आता हा नवा राष्ट्रीय महामार्ग, चार राज्यं जोडतो म्हणे, तो काढलाय टाकीच्या पलीकडून. टाकी आली उजव्या हाताला. मी म्हटलं, "भावजी, टाकी गेली." तर म्हणतात, "वहिनी, ती आपली टाकी नव्हे. आपली डावीकडे असते." सिस्टर म्हणाली, "अहो, टाकी काय चालत जाते का इकडून तिकडे?" "तू इंजेक्शनं दे, मला रस्ता शिकवू नकोस." झालं, फाटा गेला. एका बाजूला लोखंडी पत्रा, दुसऱ्या बाजूला दुभाजक, पुढचा फाटा बावन्न किलोमीटरवर... आणि उतरायला जागा नाही.

बरं, त्यांना तसंही पुढंच जायचं होतं, अडकले ती मी. मागच्या सीटवर मी आणि ती वळकटी. भावजींनी लेन बदलली की वळकटी माझ्या गळ्यात पडायची, जशी काही सासरी निघालीय. आणि सिस्टर गप्प. एरवी पेशंटच्या पायाच्या नखापर्यंत सगळं सांगणारी बाई, पण आज तोंडाला कुलूप. मी चाचपून बघितलं, "गादी बरीच मोठी आहे." "हो." "कुठं लांब न्यायची?" "हो." विचारायचं कसं? विचारलं आणि ती हो म्हणाली तर मी त्या गाडीत तोंड लपवायचं कुठं? उतरायला तर जागा नाही.

तेवढ्यात पाटी आली, आपलं राज्य संपलं, दुसरं लागलं. घरातल्या चपलांत मी परराज्यात. ह्यांचा फोन, "भाजी कसली करू?" म्हटलं, "मी दुसऱ्या राज्यात आहे." "बरं," म्हणाले, "मग डाळच लावतो." घ्या. घरातून नाहीशी झाले तरी डाळीवर भागतं. उद्या समोरच्या दाराला कुलूप लागलं तर माझी चौकशी करणार कोण?

तिथं माझा बांध फुटला. म्हटलं, "सिस्टर, घर सोडताय ना तुम्ही? बावीस वर्षं, आणि मला कुकरकडून कळावं?"

गाडी चालूच, उतरायला जागा नाही, मग तिलाही बोलावंच लागलं. "मी नाही गं सोडत. हे जातायत. पुढच्या फाट्याला ट्रक ड्रायव्हरांसाठी विश्रांतीगृह झालंय, तिथं देखरेखीला. आठवड्यातले सहा दिवस तिथंच राहायचं."

माझा जीव असा भांड्यात पडला... मग आठवलं. "आणि मला कळलं तर मी काय?"

भावजींनी आरशात बघून घेतलं. सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कळलं तर तू सोबतीला म्हणून झोपायला येशील. अगं, लग्नानंतर एकतीस वर्षांत पहिल्यांदा घर रिकामं होणार होतं. म्हटलं महिनाभर तरी पलंगावर आडवं पडून बघावं."

आता यावर मी रागवायचं कसं? मी म्हटलं, "मुळीच येणार नाही. माझी शपथ."

गोड बंद केलंय म्हणणाऱ्या पेशंटकडे बघते ना ती, तसं माझ्याकडे बघितलंन. मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "पांघरूण तुझं आणशील, की माझं काढून ठेवू?"