सुरतेहून वापस आलेल्या दुआ

मी कारंज्याचाच बाप्पा, माहा बाप कारंज्याचा, त्याचा बाप बी कारंज्याचाच, अन् आमी सारे पिंजारी, म्हंजे कापूस पिंजाचा अन् गाद्या-रजया भराच्या, बस, दुसरं काई येत नाई आमाले. वेशीजवयची जी गल्ली हाये ना, तेथं आमचं घर. दिवसभर धनुकलीचं टुंग टुंग, नाकातोंडात कापूस, अन् त्या आवाजातच माही माय रजईले टाके घालत बसे, अन् गल्लीतल्या बाया तिच्यापाशी येऊन आपलं रडगानं सांगत. बाप माहा लवकर गेला. माय म्हने, मले काई नाई पाहिजे, एक डाव मक्का दिसली पाहिजे. काय सांगू तुमाले, तेवढं एकच धरून बसली होती ते.

अन् मंग एका साली जमलं. पहिल्या लढाईच्या आधीची गोष्ट, तुमी तं जन्मले बी नसान. आता आमच्यात हजले जाच्या आधी दारोदार जाऊन माफी मागा लागते, बाई, माह्या तोंडून काई वाकडं गेलं असन तं माफ करजो, काहून का तिकडून मानूस वापस येईन याचा भरोसा नसे. माय अशी साऱ्या गल्लीत फिरली. तं जिच्या दारी जाये ते बाई तिले कोपऱ्यात घे अन् म्हने, काबापुढं उभी राह्यली का माही येवढी दुआ सांगजो. एकीचा नवरा दारूत, एकीच्या पोराले मिरगी, एक म्हने माह्या सासूचे हातपाय चालू दे. अन् इंझोरीच्या एका मोठ्या शेतकऱ्याची सून होती, काशीबाई, आमच्या गिऱ्हाइकातली, लग्नाले लय वर्सं झाली अन् पोटी काई नाई, ते गाडी जोडून खास आली, धर्मानं हिंदू, पन मायचे पाय धरून रडली. मायले लिहनं-वाचनं येत नोतं. तिनं वेशीपासून घर घर धरून साऱ्या दुआ पाठ केल्या, या घरचीची हे, त्या घरचीची ते, अन् गल्ली संपली का शेवटी इंझोरी.

आता जहाज सुटते कोठून, हे आमी कोनाले इचारलंच नाई. इचाराचं कायले, आमाले मालूमच होतं ना! मायचा आजा सुरतेहून हजले गेला होता, अन् घरात लहानपनापासून एकच आयकलेलं, का सुरत म्हंजे मक्केचा दरवाजा. तं मी अन् माय छोट्या गाडीनं मुर्तिजापूर, तेथून भुसावळ, अन् भुसावळले बाकीचे हाजी लोक मुंबईच्या गाडीत चढले तं माय मले म्हने, पाह्य रे, बिचारे चुकीच्या गाडीत बसून राह्यले.

सुरतेले उतरलो अन् नीट तापीवर गेलो. तेथं एक बुडा नावाडी होडीले डांबर लावून राह्यला होता. त्याले म्हटलं, चाचा, हजचं जहाज कुठी लागते, मायचा आजा येथूनच गेला होता? तो आमच्याकडं पाह्यतच राह्यला. मंग म्हने, बेटा, तुले त्या आज्यासंगंच याचं होतं. नदी रेतीनं भरली, मोठे जहाजं कवाचेच मुंबईले गेले, आता हज मुंबईहून. हा समोर मक्काई पूल, येथून हाजी होडीत बसत, आता नाव राह्यलं फक्त. माय पुढं झाली. त्या पुलाच्या दगडाले हात लावून उभी राह्यली.

मुंबईची गाडी दिवस बुडता होती. चाचा म्हने, तवरोक शहर तं पाहून घ्या. त्याले आपल्या गावाचा लय अभिमान. नदीवरचा किल्ला दाखवला, तोफा दाखवल्या, येथं इंग्रजायची पयली वखार होती, तेथं वलंदेजायची, ते दुसरे गोरे, अन् मोगलायच्या जमान्यातली सराय, जेथं हाजी उतरत, आता तेथं कचेरी. माय म्हने, माहा आजा येथंच झोपला असन. मंग गावाबाहेर अशे मोठमोठे घुमट, मायनं डोक्यावर पदर घेतला, चपला काढल्या अन् फातिहा, म्हंजे मेलेल्यासाठीची दुआ, सुरू केला. चाचा हासला, अवो बहेन, हे पीर नोहे, हे गोरे व्यापारी, आपल्या बादशायांचं पाहून अशा कबरी बांधल्या त्यायनं. माय म्हने, असू दे, घरापासून दूर मेले ना बिचारे. अन् फातिहा पुरा केला तिनं.

त्याच उन्हात तिले हिव भरलं. चाचानं आपल्या घरी नेलं, त्याच्या बायकोनं काढे देल्ले, पन ताप उतरे अन् पुन्हा चढे, अन् तापात माय बडबडे ते काय, वेशीपासून घर घर, या घरचीची हे, त्या घरचीची ते, इंझोरीपर्यंत. मी काय करू, सांगा तुमीच. उचलून मुंबईले नेऊ तं बुडी गाडीतच जाईन, नाई न्यावं तं जहाज जाईन. नुसता उशाशी बसून राहो. ते उठून बसली तवा मुंबईहून आलेल्या एकानं सांगितलं, औंदाचं शेवटचं जहाज गेलं. पुढच्या साली म्हनसान, तं पुढच्या साली तिच्या अंगात जीव नोता, अन् मंग तं लढाईच लागली.

कारंज्याले उतरलो तं माय वेशीच्या आत पाय टाकाले तयार नोती. सारी गल्ली बाहेर आली, इंझोरीहून काशीबाई आली. मायनं साफ सांगितलं, मी सुरतेवरूनच वापस आली, तुमच्या दुआ जशा नेल्या तशा आनल्या. काशीबाई म्हने, जाऊ दे वो मावशी, तू येथूनच सांग, तो आयकन. तं माय म्हने, येथून तं तू बी सांगतच होती वो माय.

लोक चिडवत तिले, सुरती हाजीन म्हनत, ते हासे. पन मरेपर्यंत हर नमाजनंतर अल्लाले वेशीपासून सारी गल्ली म्हनून दाखवे. काशीबाईले काई लेकरू झालं नाई, तशीच गेली बिचारी.

आता दुसरी लढाई चालू हाये, हाजीयची जहाजं बंद, अन् माहे गुडघे बंद. तुमच्या लेकराबाळायचं भलं होवो, आले, बसले, आयकलं. मी बी नमाजनंतर वेशीपासून सुरू करतो, पन दोन-तीन घरं झाली का अडकतो. घरं तेच हायेत, कोन्या बाईनं काय मागितलं होतं ते नाई आठवत. मंग हात वर करून म्हंतो, या अल्ला, मले काई याद नाई राह्यलं, माय तुह्यापाशीच हाये, तिले पूस.