गादी बघायला आलेली माणसं

हॅलो?… हो ताई, मीच. हळू बोलतेय, आतल्या खोलीत माणसं झोपलीत… नाही गं, पाहुणे कसले! अनोळखी आहेत. सहा जण. आमच्या नव्या गादीवर पाळीपाळीने आडवे होऊन बघताहेत.

शुद्धीवर आहे मी! अगं ऐक ना… ती गेल्या महिन्यात निम्म्या किमतीत मिळालेली गादी, तिच्या करारात म्हणे लिहिलंय, की वर्षभर दुकानाची गिऱ्हाइकं आमच्याकडे येऊन ती वापरून बघणार. आज सेल्समन त्यांना घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा कळलं.

हो, सही माझीच… नाही वाचलं. अगं, बेचाळीस पानं! अक्षर मुंगीएवढं. आणि तो समोर पेनाचं टोपण काढून उभा. त्याच्या तोंडावर वाचत बसायचं, म्हणजे 'तुम्ही लबाड आहात' म्हटल्यासारखंच की! इतका गोड माणूस, सारखा 'वहिनी, वहिनी' करत होता…

हो, नेमाचं वाचन करते मी रोज, एक ओळ गाळत नाही. पण तिथं देव आहे ना. त्याला कुठे गादी खपवायचीय?

हसू नकोस गं! चार वाजता लेकीची नोकरीची मुलाखत आहे, कॉम्प्युटरवर, त्याच खोलीत. नेट तिथंच येतं. साडेतीन होऊन गेले. ती बिचारी इस्त्रीचे कपडे घालून उंबऱ्यावर उभी, आणि आत एक काका चक्क घोरताहेत… उठवलं ना, दोनदा उठवलं. म्हणतात, 'डाव्या कुशीवर बघायची राहिलीय.'

ओरडू कशी? कुणावर आवाज चढवायचा नाही, असा नेम आहे माझा… बरं, बरं, आणते करार. थांब… चष्मा कुठं गेला… हं. कलम एकोणीस, 'ग्राहकांनी उशा स्वतःच्या आणाव्यात.' बघ! माझ्याच घेऊन लोळताहेत मेले!… क्षमा कर रे देवा.

वाचतेय, वाचतेय… कलम तेवीस. 'घरात महत्त्वाचे काम असल्यास गादी अन्यत्र हलवता येईल.' ताई! हलवता येईल! फोन ठेवू नकोस हं, त्या सेल्समनला सांगून आलेच…

…हॅलो? आहेस ना? झालं बाई काम! लगेच कबूल झाला. एक कागद पुढे केला, मी केली सही. लेक म्हणत होती, 'आई, वाच तरी!' म्हटलं, वाचत बसले तर इथेच चार वाजतील… अगं, सगळ्यांनी मिळून गादी उचललीसुद्धा. जिना उतरताहेत… काका? नाही उठले. त्यांच्यासकट नेलीय.

कुठं म्हणजे?… थांब, माझी प्रत आहे ना हातात. 'सदर गादी…' फारच बारीक आहे गं हे… 'सदर गादी उर्वरित अकरा महिने… नजीकच्या सख्ख्या नातेवाइकाच्या…'

…

ताई?… अगं ऐक ना… नाही, नाही, दार लावून काय होणार, तुझा पत्ता लिहिलाय त्यावर… मीच सांगितला. त्यानं इतक्या गोडीनं विचारलं, 'वहिनी, फोनवर कोण आहे?'… ताई?… हॅलो?