हातचा राहिला

विहंग : बाबा, शाल काढू का आता? घर आलं.

दत्तात्रेय : राहू दे. जिन्यात देसाईबेन भेटतील.

विहंग : सत्कार ठरवताना मंडळात तुम्ही माझ्याबद्दल नेमकं काय सांगितलं होतं?

दत्तात्रेय : मुलगा चिप डिझाइन करतो.

विहंग : शिकतो, बाबा. तेही गेल्या महिन्यापासून, यूट्यूबवर.

दत्तात्रेय : नोकरी सोडून घरी बसलेला मुलगा शिकतोय म्हटलं की लोक विचारतात, कधीपर्यंत? करतो म्हटलं की शाल देतात.

विहंग : मंडळाच्या प्रतापरावांनी शालीबरोबर स्वतःचा बिघडलेला सेट-टॉप बॉक्सही दिलाय. सावकाश बघ म्हणाले.

दत्तात्रेय : मोठ्या मनाचा माणूस.

विहंग : आणि त्या श्रद्धानं माइकवर विचारलं, चिप डिझाइन शिकायला सुरुवात कुठून करायची. मी काय म्हणालो?

दत्तात्रेय : आईवडिलांच्या आशीर्वादापासून. टाळ्या पडल्या.

विहंग : तुमच्याच. ती इंजिनिअरिंगला आहे, बाबा. तिनं ते लिहून घेतलं.

दत्तात्रेय : बरं, आलो घरात. बस इथे. तू करतोस काय ते दाखव तरी. चिप कुठेय?

विहंग : चिप नसतेच. आधी कॉम्प्युटरवर सर्किट लिहायचं, मग आकडे घालून तपासायचं. हे बेरजेचं. शून्य अधिक एक, बघा.

दत्तात्रेय : एक. सरस. आता एक अधिक एक?

विहंग : शून्य.

दत्तात्रेय : परत कर.

विहंग : चार दिवस करतोय. शून्यच येतं.

दत्तात्रेय : या बेरजेवर आपण नारळ घेऊन आलो.

विहंग : हो.

दत्तात्रेय : हातचा कुठेय?

विहंग : कसला हातचा?

दत्तात्रेय : यंत्राला शून्य आणि एकच कळतात, असं तूच जेवताना सांगितलंस. मग दोन एका घरात मावतील कसे? आपला हातचा नवानंतर, त्याचा एकानंतर.

विहंग : हातच्याला वाटच ठेवली नाही मी.

दत्तात्रेय : दुसरीतही विसरायचास. बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं होतं.

विहंग : मग तुम्ही काय केलंत?

दत्तात्रेय : सोसायटीत सांगितलं, पहिला आला.

विहंग : मला फार लाज वाटतेय, बाबा.

दत्तात्रेय : मलाही. शाल दे इकडे, मी परत करून येतो. तू त्या मुलीला फोन लाव.

(फोन लागतो.)

विहंग : श्रद्धा? मी विहंग, सकाळचा शालवाला. ते आशीर्वादाचं खोडून टाक. मी चिप डिझायनर नाही. महिनाभर शिकतोय, आणि आत्तापर्यंत मला एकात एक मिळवता येत नव्हतं.

श्रद्धा : थांबा हं दादा. लिहून घेते.