फोटोतला घण

मूलच्या बसस्टँडवर चंद्रपूरची गाडी काही लागत नव्हती आणि मंजुषाच्या मागच्या बाकावर म्हातारे लोहार नवरा-बायको मोबाइल बघता बघता तंडत होते.

“सायबानं फोटो धाडला, ठमा. पाय, आपल्या सुरीच्या पात्यावरच्या लाटा किती साजऱ्या दिसून राह्यल्या! दमास्कस म्हणते तो याले.”

“दिसतीनच. दोन जातीचं लोखंड दुमडू दुमडू ठोकलं, मंग तेजाबात बुडवल्यावर उमटल्या त्या. पण घण घेऊन कुलदीप काऊन उभा आहे?”

“सायबाले भट्टीचा फोटो पाह्यजे होता. मंग बहिणीच्या पोराले उभं केलं.”

“आन मले चहा मांडाले आत धाडलं.”

“बाई घण मारते म्हटलं तर लोकं हासतेत.”

“तुमच्या बापाच्या भट्टीवर तुमची मायच घण मारे. तवा कोण हासलं?”

“जाऊ दे ना आता. सायबाले आणखी एक सुरी पाह्यजे, याहून मोठी. उद्या भट्टी पेटवू.”

“पेटवा.”

“सकाळीच लागू दोघं.”

“लागा तुमी दोघं. कुलदीपले बोलवा. मी चहा मांडीन.”