मंगलचं बियाणं

माझं माहेर कान्ह्याकडचं, सपाटीवरचं, अन् दिली कुटं तर हितं लोहगडवाडीला, गडाच्या पायथ्याशी. पयल्या दिवशी मान वर करून बघितलं अन् म्हणले, आई गं, ह्याच्याखाली झोपायचं आपण? आता त्या गडावरच पोट हाय. गड चढाय पोरं येत्यात, त्यांच्यासाठी मी अन् माझी धाकली जाऊ मंगल, दोघींचा मिळून स्टॉल हाय, पिठलं-भाकरी, ताक, लिंबू सरबत. चुली दोन पण स्टॉल एक. ती बडबडी, मी तापट, लोक म्हणायची ह्यांचं जमतं कसं. जमतं बघा ताई.

हे जे सांगते ते तिला विचारूनच सांगते. ती म्हणली, सांगा अक्का, कुणाच्या तरी कामी येईल.

झालं काय, तिची आई गेली, त्याच्या आधी तिचं सोताचं आजारपण, अन् अजून काय काय, एक कारण बोटानं दावता येत न्हाई. बडबडी बाई गप झाली. भाकरी थापता थापता हात थांबायचा. झोप न्हाई, जेवण न्हाई. एकदा म्हणली, अक्का, मी नसले तर तुमचं काय अडणार हाय? मी म्हणले, अडेल की, ताक कोण घुसळणार? हसली न्हाई.

शिमगा झाला अन् एक दिवस सकाळीच मंगल माझ्या दारात. डोक्यावर टोपली, तोंडावर हसू. लय दिवसांनी हसली म्हणून सासूबाई खूश, पोर बरी झाली म्हणल्या. टोपलीत तिचं भाताचं बियाणं, निवडून ठेवलेलं, समदंच्या समदं. म्हणली, अक्का, हे तुमी पेरा. आता आमच्यात बियाणं कुणी फुकट देत न्हाई अन् घेत न्हाई. बदल्यात मापटंभर तरी आपलं टाकायचं, टोपली रिकामी माघारी धाडायची न्हाई. सासूबाई तर सख्ख्या बहिणीलासुद्धा सोडायच्या न्हाईत. मी बियाणं ओतून घेतलं, माझं मापटं भरून आणलं, तर मंगलनं टोपली पाठीमागं धरली. राहू द्या अक्का, म्हणली, मला आता काय करायचंय. अन् परत हसली.

काय सांगू तुमाला, ही बाई पुढची पेरणी बघायचीच न्हाई म्हणती, असं झालं मला.

आमच्या गावात दवाखान्याचं बघती त्या आशाताईनं बायांच्या बैठकीत सांगितलं व्हतं, अशी शंका आली तर आडून आडून बोलू नका, सरळ विचारा, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत न्हाई, मोकळं व्हतं माणूस. तवा मला काय ते पटलं नव्हतं. पण त्या दिवशी मंगलला चुलीपाशी बसवलं, हात धरला अन् विचारलं, मंगल, जीव द्यायचं मनात येतंय का तुझ्या?

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, व्हय अक्का. लय दिस झालं. कुणी विचारलंच न्हाई. अन् मग जी रडाय लागली. मी मधी एक शब्द बोलले न्हाई. मी! गावात विचारा, मी कदी गप बसलेय का. पोरांकडं बघ, देवाचं नाव घे, असलं काय काय म्हणले न्हाई. नुसतं ऐकलं. एवढ्याशा विचारण्यानं एवढं आत साठलेलं भाईर येतं, मला अजून नवल वाटतं ताई.

त्या दिवशी स्टॉल उघडलाच न्हाई. तिला एकटं सोडलं न्हाई. माझ्या दिराला, तिच्या नवऱ्याला, कामावरनं बोलावून घेतलं, त्याला म्हणले, वरडायचं न्हाई, रडू आलं तर रड. घरातलं जे काय धोक्याचं ते समदं माझ्याकडं कुलपात. आशाताई संगं आली, लोणावळ्याला दवाखान्यात, तितनं मनाच्या डॉक्टरकडं. सासूबाई म्हणल्या, अंगारा लावू. म्हणलं लावा, पण गोळी चुकवायची न्हाई.

बरं व्हायला येळ लागला. स्टॉलवर यायची, नुसती बसायची. ताप विचारावा तसं मी रोज विचारायची, आज मन कसं हाय? वाईट म्हणली की तितंच तिच्यापाशी बसायची.

अन् तिचं बियाणं? ते मी माझ्यात मिसळलं न्हाई. वरच्या बारक्या खाचरात येगळं लावलं, येगळं झोडलं, परत टोपलीत भरलं. बियाणं नुसतं ठेवलं तर मरतं, पेरावंच लागतं. तिला काय बोलले न्हाई.

दुसऱ्या साली तिच्या शेतातनं धूर दिसला. बघाय गेले, तर मंगल पदर खोचून राब भाजतीया. रोपं टाकायच्या आधी पालापाचोळा जाळून जमीन भाजत्यात आमच्यात. मी बांधावरच थांबले. हात आपसूक जोडले गेले, देवाला का तिला, मला ठावं न्हाई.

दुपारी दारात आली, हातात भरलेलं मापटं. अक्का, म्हणली, माझं बियाणं द्या. मी म्हणले, ते येगळं ठेवलंय हे तुला गं कुणी सांगितलं? तर म्हणती, वरच्या खाचरात माझं भात व्हतं, मी ओळखणार न्हाई व्हय? काय करू वाटायचं न्हाई तवा तेवढं बघाय यायची मी रोज. अन् मापटं पुढं केलं. धरा, फुकट नेणार न्हाई.

गोळी अजून हाय. वाईट दिवस अजून येत्यात, पण आता ती सोताहून सांगती. परवाच म्हणली, अक्का, आज बरं न्हाई. मी तव्यावरची भाकरी सोडून बसले. भाकरी करपली, गिऱ्हाईक बोंबललं. बोंबलू दे. देव तिला अन् तुमाला उदंड आयुष्य देवो, बसा, ताक घ्या. तिनंच घुसळलंय.