तांबड्या शेपटीचं पाखरू

विसरवाडीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक गुरुजी उभे होते. एक बाई मुद्दाम त्यांच्याजवळ आली.

"गुरुजी, पोरेसले वळखाले देयेल पाखराना फोटो दखाडा बरं."

"हा बघा, ताई. चीरक, मादी. अंग तपकिरी, शेपटीखाली तांबूस."

"नुसतं खाले नही, आख्खी शेपटी तांबडी शे. आनि चीरक शेपटी उभी धरस. हाई धरे का?"

"नाही. मी फोटो काढत होतो तेव्हा सारखी थरथरवत होती."

"मंग थरथरा शे, गुरुजी. हरभरा पेराई गया की आमना बांधवर येस."

"खात्रीनं सांगता?"

"रोज दखस मी."

"अरेच्चा! वर्गात एकट्या रुपानं थरथरा लिहिलं होतं. मी फुली मारली."

"माहीत शे. मन्हीच पोर शे ती. हाई तिनी वही. काढा तुमना लाल पेन."